आतली माती

१

दह्याच्या बाबतीत माझा हात धरणारं चौसाळ्यात कुणी नाही. हे मी म्हणत नाही, गिऱ्हाइकं म्हणतात, आणि मी ते खोडून काढत नाही. संध्याकाळी म्हशीची धार काढायची, दूध मंद आचेवर तापवायचं, करंगळीला सोसेल इतकं कोमट झालं की विरजण लावायचं आणि गाडगी गोणपाटात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायची. सकाळी आठला माझा धाकटा भाऊ वैजिनाथ मोटारसायकलवर येतो आणि गाडगी त्याच्या किराणा दुकानात नेतो. गाडगं उलटं धरलं तरी आमचं दही पडत नाही, असं तो सगळ्यांना सांगतो. एकदा खरंच उलटं धरून शर्टावर घेतलं होतं, ते मात्र सांगत नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्यानं गाडग्यावरचं ताट उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

"अक्का, विरजण लावायचं इसरलीस का?"

आत दूध होतं. नासलेलं नाही, फुटलेलं नाही. काल रात्री ठेवलं तसंच्या तसं दूध.

थंडी पडली होती, म्हणून मी थंडीला दोष दिला. दुसऱ्या दिवशी विरजणाला दिला. तिसऱ्या दिवशी वैजिनाथच्या बायकोकडून, उमाबाईकडून, ताजं विरजण आणलं, गाडगी उन्हात तापवली, वर दोन गोधड्या टाकल्या. चौथ्या सकाळीही दूधच. पहिल्या दिवसाचं एक गाडगं मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. ते चाखलं तर गोड लागलं.

आता थोडं माझ्याविषयी. मी रुद्राणी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं जखमा धुतल्या. सरकारी कागदावर व्रणोपचारक, गावात ड्रेसरबाई. नवऱ्याची नोकरी होती, तो गेल्यावर मला मिळाली. त्यामुळे एक गोष्ट मला पक्की माहीत होती. म्हशीला जंतू मारायचं इंजेक्शन दिलं की तिचं दूध काही दिवस विरजत नाही, कारण दुधाचं दही करणारे जंतूही त्या औषधानं मरतात. पण माझ्या म्हशीला वर्षभरात सुई लागली नव्हती.

शेवटी ताराबाईला बोलावलं. ताराबाई मागच्या माळावर मेंढरं चारते आणि दुपारी पाणी प्यायला माझ्या दारात टेकते. एकच दूध, एकच विरजण, दोन गाडगी. एकात तिनं विरजण लावलं, एकात मी. सकाळी तिचं दही सुरीनं कापावं असं लागलं होतं.

"बाई, म्हशीला काय बी झालं न्हाई," ती म्हणाली. "तुमचा हात बिघडलाय."

मी हसले. मग ती गेल्यावर हात उजेडात धरून बराच वेळ बघितला. हात माझाच होता.

२

माझी साखर जुनी. श्रावणात चप्पल चावली, त्याची जखम झाली आणि आश्विनात डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट बीडच्या दवाखान्यात ठेवून यावं लागलं. तरी जखम भरेना. सर्जन म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल, तीन आठवडे थांबतो, जास्त नाही.

मला माझा पाय हवा होता. यात मोठं काही तत्त्वज्ञान नाही. याच पायांवर उभं राहून मी माजलेले वळू धरलेत, गाभण म्हशी फिरवल्यात. एकटी राहते, कुणाच्या हातून पाणी मागून प्यायची सवय नाही. पाय गेला तर वैजिनाथच्या घरी खाटेवर पडायचं आणि उमाबाईच्या चहाची वाट बघायची. उमाबाई चांगली आहे, पण चहा पांचट करते.

ताराबाई मेंढरांच्या सडलेल्या खुरांना वारुळाची माती लावते. नोकरीत असताना यावरून मी तिला किती बोलले असेन, त्याला गणती नाही. धनुर्वात होईल, खुळे आहात का, औषध फुकट मिळतं ते घ्यायला काय होतं. आणि तिची मेंढरं दर वेळी बरी व्हायची, हेही मी बघत होते आणि त्यावर बोलत नव्हते.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ऋतुजा नावाची नवी डॉक्टर आली आहे. पोरगी हुशार आहे, मला मावशी म्हणते. तिला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "मावशी, वाळवी वारुळात बुरशीची शेती करते. तीच तिचं अन्न. शेत म्हटलं की तण आलंच, म्हणजे दुसरी बुरशी. ती वाढू नये म्हणून तिथल्या मातीत औषध बनवणारे जंतू असतात. आपण सुईत भरतो ती कितीतरी औषधं पहिल्यांदा मातीतल्या असल्याच जंतूंपासून काढलेली आहेत. पण तुम्ही स्वतःवर काही प्रयोग करू नका हं."

मी शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं ऐकलं.

ताराबाईनं माळावरचं वारूळ दाखवलं. माझ्या खांद्याइतकं उंच. "खाली गळून पडलेली माती घ्यायची," ती म्हणाली. "आतली न्हाई."

"कावून?"

"आतली त्येंची हाय."

एवढंच. तिला मेंढरं वळवायची होती, ती गेली. मी खाली पडलेल्या मातीकडे बघितलं. तीत लेंड्या, कुत्र्यांनी टांग वर केलेल्या खुणा. सव्वीस वर्षं स्वच्छ कापूस आणि उकळलेल्या कात्र्या हाताळलेल्या बाईनं ती माती उघड्या जखमेवर लावायची? माझी स्वच्छता मला नडली. मी खुरप्यानं वारुळाला भोक पाडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आत ओल होती आणि ऊब होती. बोटांना काहीतरी लागलं, जुन्या पावासारखं मऊ, भोकाभोकांचं. मूठ भरून बाहेर काढली तर मातीत साबुदाण्यासारखे पांढरे दाणे होते.

एकवीस दिवसांत जखम भरली. सर्जननी पाय उलटासुलटा करून बघितला, फोटो काढले. "काय लावलंत?" "माती." ते हसले, त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. परतताना बीडच्या स्टँडवर मी एक पेढा घेतला, साखरेची पर्वा न करता खाल्ला, आणि बसची वाट बघत उभ्या उभ्या रडले.

३

दही लागेना, म्हणून मी घराकडे जरा नीट बघायला लागले.

टोपलीच्या तळाशी एक भाकरी राहून गेली होती. आठ-दहा दिवसांची. वाळून खापर झाली होती, पण तिच्यावर बुरशीचा एक ठिपका नव्हता. फळीवरचं अर्धं कापलेलं लिंबू तसंच पिवळं. पाण्याच्या रांजणाखाली बारमाही शेवाळ असतं, ते गायब. पौषातल्या सकाळी उकिरड्यातून वाफ निघते, कुजणाऱ्या शेणाला ऊब असते. शेजारच्या उकिरड्यातून निघत होती. माझा थंड पडला होता.

आणि वास. घराला वासच उरला नव्हता. शेणाचा, घामाचा, ओल्या फडक्याचा, कशाचाच नाही. दवाखान्यात इतकी स्वच्छता आणण्यासाठी मी जिवाचं रान करायचे. इथं ती आपोआप आली होती आणि मला ती अजिबात आवडली नाही.

आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असते, सकाळी आंघोळ करून पूजा आणि कपाळावर भस्म. त्या सुमारास डबीच्या भोवती, छातीवर, पांढरी पूड दिसायला लागली. वाटलं, भस्म सांडतंय. पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी आंघोळ झाल्या झाल्या, भस्माला हात लावायच्या आधी आरशात बघितलं. पूड होती. बोटावर घेऊन हुंगली तर नुकत्या नांगरलेल्या रानाचा वास आला. माझ्या घरात राहिलेला तेवढा एकच वास.

ऋतुजा म्हशीला लस द्यायला आली तेव्हा तिला दाखवलं. तिनं कापसाच्या बोळ्यानं थोडी पूड खरवडून घेतली आणि पुन्हा माझ्या छातीकडे बघितलं.

"काय गं?"

"काही नाही, एक आठवलं. दक्षिण अमेरिकेत पानं कापणाऱ्या मुंग्या असतात. पानं खात नाहीत, बिळात नेतात आणि त्यावर बुरशी पिकवतात. आपल्या वाळवीसारखंच. फक्त त्या मुंग्या औषधाचे जंतू स्वतःच्या अंगावर बाळगतात. छातीवर. पीठ लावल्यासारख्या दिसतात."

"आणि त्या जंतूंना काय मिळतं?"

"मुंगीच्या अंगातून रस पाझरतो, त्यावर ते जगतात. ती त्यांना सांभाळते, ते तिचं शेत सांभाळतात." मग ती हसली. "तुम्ही काही मुंगी नाही, मावशी. मलम लिहून देते."

चार दिवसांनी तिचा फोन आला. जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत तिनं ती पूड लावली होती. त्या बशीत दुसरं काहीच उगवलं नाही, आणि शेजारी ठेवलेल्या झाकणबंद बश्यांतलंही मेलं. तिला आणखी नमुना हवा होता. मी म्हणाले, माझं अंग म्हणजे काय तुझी प्रयोगशाळा हाय का, आणि फोन ठेवला. घाबरले की मी लोकांवर चिडते. आधीपासूनच.

४

माझा स्वभाव बसायचा नाही. जेवतानाही दोनदा उठते.

माघातल्या एका दिवशी दहाच्या सुमारास मी तुरीची डाळ पाखडायला सूप घेऊन जमिनीवर बसले. पुढचं आठवतं ते वैजिनाथच्या मोटारसायकलचा आवाज. दुपारी चारला तो पुन्हा एक चक्कर मारतो. सुपात डाळ तशीच होती. मी मांडी घालून, पाठ ताठ करून बसले होते, तळवे वर करून मांडीवर. भूक नव्हती, तहान नव्हती, पायाला मुंग्या आल्या नव्हत्या. मन इतकं निवांत की वैजिनाथला बघून मला त्याचा रागच आला.

"ध्यान करायलीस का काय?" तो म्हणाला.

उठले तेव्हा आवाज ऐकू आला. पत्र्यावर तीळ सांडावेत तसा. बारीक, खूप, भिंतीच्या आतून. वैजिनाथला विचारलं तर तो म्हणाला, कसला आवाज?

दुसऱ्या दिवशी भिंतीवर मातीची नळी दिसली, वाळवी करते तशी. वाळवी काय नवीन नाही, रॉकेलचा बोळा घेऊन मी नळीमागं निघाले. ती दाराच्या चौकटीजवळून गेली होती, पण चौकटीला शिवली नव्हती. माझ्या जुन्या रजिस्टरांच्या फळीखालून गेली होती, एक पान खाल्लं नव्हतं. खाटेचा पाय ओलांडला होता. लाकूड, कागद, सुंभ सगळं सोडून ती जमिनीवर उतरली आणि मी काल बसले होते त्या जागेभोवती तिनं बोटभर उंचीचं गोल कडं घातलं होतं.

मी ते लाथेनं मोडलं आणि दुपारी मुद्दाम स्वयंपाकघरात बसले. सकाळी कडं स्वयंपाकघरात.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मेलेली जनावरं हजारोंनी बघितलीत, एकही परत आलं नाही. म्हणून मी तपासून बघायचं ठरवलं. उभी राहायचे, कान द्यायचे. तिळांचा आवाज. बसायचे. आवाज बंद. पुन्हा उभी, पुन्हा आवाज. असं बारा वेळा केलं. बाराही वेळा तसंच झालं. तेराव्या वेळी बसले ते उठावंसं वाटेना. चुलीवर दूध उतू जाऊन जळाल्याचा वास आला तेव्हा भानावर आले. वासानं मला वाचवलं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

५

सकाळी अकराला, लख्ख उन्हात, मी टिकाव घेऊन माळावर गेले. ताराबाई मेंढरं घेऊन तिथंच होती. तिनं टिकाव बघितला, माझा पाय बघितला.

"आतली घेतलीत जनू," ती म्हणाली.

मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. "घेतली," म्हणाले. "बाहेरची घाण होती."

"घाण होती म्हून तर आपली होती, बाई."

वारूळ खांद्याच्या वर गेलं होतं. मी पाडलेलं भोक हाताच्या मापाचं होतं. तिथं आता कमरेइतक्या उंचीचा ओल्या मातीचा लिंपलेला भाग होता, इतका गुळगुळीत की दिवाळीआधी आमची आई भिंत सारवायची ते आठवलं. मी टिकाव घातला. एकाच घावात लिंपण आत कोसळलं. ओली, उबदार हवा आली आणि तोच नांगरलेल्या रानाचा वास.

मी वाकून बघितलं.

आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. खड्डा खणून बाजूला कोनाडा करतात, त्यात मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग ठेवतात आणि भोवती भस्म भरतात. नवऱ्याच्या वेळी मी ती जागा डोळ्यांनी बघितली आहे. म्हणून आत काय आहे ते मला लगेच कळलं. ताराबाईला कळलं नाही, ती म्हणाली, पोकळ हाय की आतून.

ती बैठक होती. खाली दोन गुडघ्यांचे खळगे, मागं पाठीला ताठ टेकण, वर डोकं टेकायला वाटीएवढा खोलगट भाग. सगळीकडे मऊ पावासारखं ते बुरशीचं पोळं, त्यावर पांढरे दाणे गच्च. पावलांचे ठसेसुद्धा होते. उजव्या पायाच्या ठशात पाच बोटं. डाव्याच्या ठशात तीन. अंगठा आणि शेजारचं बोट जिथं असायला हवं, तिथली माती सपाट होती.

कडेनं वाळवी उभी होती. हजारो. वारूळ फोडलं की ती सैरावैरा पळते, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. यातली एकही हलत नव्हती.

मी स्वतःला सांगितलं, माती आहे. मातीत माणसाला हवं ते दिसतं. पडताळून बघू. डावी चप्पल काढायला वाकले तर ती आधीच काढलेली होती. कधी काढली, ठाऊक नाही. पाऊल ठशात ठेवलं. ते तंतोतंत बसलं. तळव्याला ऊब लागली.

आता जे सांगते ते मी वैजिनाथला सांगितलेलं नाही. मला तिथं बसायचं होतं. भीती नव्हती, उलट बरं वाटत होतं. नवरा गेल्यापासून कुणी माझ्या मापाचं काही केलं नव्हतं, आणि इथं कुणीतरी माझी पाठ, माझं डोकं, माझी गेलेली बोटंसुद्धा ध्यानात ठेवली होती. मला रडू येत होतं. दुसरा पाय मी उचललाच होता.

ताराबाईनं माझा अंबाडा धरून मला मागं ओढलं. मी दगडावर आपटले, कोपर फुटलं. तिला मी अशा शिव्या घातल्या की मेंढरं थबकली. तिनं अंबाडा सोडला नाही.

"बसायचं न्हाई, बाई," ती म्हणत होती. "आजाबात बसायचं न्हाई."

कोपराच्या कळेनं हळूहळू डोकं ठिकाणावर आलं. आणि मग राग आला, खरा, माझ्या ओळखीचा राग. मी उठून त्या भोकात थुंकले.

"ऐका रे," मी म्हणाले. "मी कुणाचं शेत राखायला जन्माला आलेली न्हाई."

६

त्यांनी मला पाय दिला होता, हे मी नाकारत नाही. मी न विचारता घेतलं होतं, हेही खरं. मग घेतलेलं परत करायचं. पण त्यांच्या घरात जाऊन बसून नाही. माझ्या पद्धतीनं.

घरात उरलेली माती मी भट्टीसारख्या पेटवलेल्या चुलीत घातली. दवाखान्यात जखमा धुवायला जे लाल औषध वापरतो त्याची पुडी आणली आणि बादलीभर लाल पाण्यानं सकाळ-संध्याकाळ अंग घासायला लागले. इष्टलिंगाची डबी उकळत्या पाण्यात धुतली, मनातल्या मनात माफी मागितली, पण धुतली. छातीची कातडी सोलली. सकाळी पुन्हा पांढरी पूड. पुन्हा घासली. दिवसभर उभी राहिले. उभ्यानं जेवले, उभ्यानं भाजी निवडली, पायाला गोळे आले तेव्हा भिंतीला टेकले, पण बसले नाही. निजायचे ती वैजिनाथच्या घरी, उमाबाईच्या शेजारी, तिचा हात माझ्या हाताला सुतळीनं बांधून. तिला सांगितलं, झोपेत चालते. भिंतीतला आवाज पहिले तीन दिवस इतका वाढला की भांडी वाजल्यासारखी वाटायची.

आठव्या दिवशी छाती स्वच्छ होती. लालभडक, सोललेली, माझी. त्याच आठवड्यात दही लागलं. पाणचट, आंबट, लाज वाटावी असं. वैजिनाथनं ते तरी दुकानात नेलं.

नवव्या दिवशी पाय उघडला.

टाक्याच्या जागी आधी लाली, मग पाणी, मग पू. सव्वीस वर्षं ज्या वासानं मी नाक मुरडलं, तो वास माझ्याच पायाला आला, आणि मी मोठ्यानं हसले. उमाबाई दारातून धावत आली, तिला वाटलं मला वात झाला. माझं मांस सडत होतं. माझं होतं म्हणून सडत होतं.

वैजिनाथ मात्र माझ्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. "अक्का, ती माती लाव ना परत. मी आणून देतो. एवढा बरा झालता पाय."

"पाय बरा झालता," मी म्हणाले. "मी न्हाई."

"तुला काय येड लागलंय का? पाय जाईल!"

"जाऊ दे. माझा पाय हाय, मी ठरवीन."

त्याला काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर त्यानं मला बीडला नेलं असतंच, पण दुसऱ्या डॉक्टरकडे. म्हणून मी एवढंच सांगितलं की गाडी काढ. सर्जननी पट्टी सोडली, जुने फोटो काढून शेजारी धरले आणि मान हलवली. इतकी सुंदर भरलेली जखम अशी कशी फिरली, म्हणाले. गुडघ्याखालून काढण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी मला धीर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी विचारलं, उद्या सकाळी जमेल का.

मी त्या पायासाठी रडले नाही असं नाही. रात्रभर त्याच्या नडगीवरून हात फिरवत होते. आठ वर्षांची असताना बैलगाडीवरून पडले होते, त्याचा व्रण तिथं होता.

७

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी ताराबाई भेटायला आली. ती दवाखान्यात कधी येत नाही, लिफ्टला घाबरून चार जिने चढली होती. हातात ज्वारीच्या कण्यांचा डबा. वैजिनाथ खुर्चीवर बसला होता. तिनं चादरीखालची रिकामी जागा बघितली आणि पदरानं तोंड पुसलं.

"काय गं, वारुळाकडं गेलतीस का?" मी विचारलं.

"लांबूनच." ती वैजिनाथकडे बघून थांबली.

"बोल. त्यालाबी ऐकू दे."

"भोक परत लिंपाया लागलेत. थोडी फट राह्यलीती, तितनं बघितलं." ती स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलायला लागली. "बैठक तशीच हाय, बाई. पर डाव्या पायाची जागा बुजवलीय. पाऊल न्हाई, नडगी न्हाई. हितं, गुडघ्यापातूर. लई साफ काम केलंय."

"कधी बघितलंस?"

"बेस्तरवारी."

गुरुवारी सकाळी मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते.

वैजिनाथ एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं होतं मी घाबरेन. पण खरं सांगते, मला हसू फुटलं. इतकं घासलं, इतकं सोललं, पाय दिला, आणि त्यांनी निमूटपणे माप बदललं. घाई नव्हती त्यांना. मी आज बसले नाही तरी एक दिवस मला बसवणारच होते. आमचेच लोक, आमच्याच रीतीनं, मांडी घालून, भोवती पांढरं भस्म भरून, मातीत. त्यांना नुसती वाट बघायची होती.

"वैजिनाथ," मी म्हणाले, "कागद काढ."

"कसला कागद?"

"लिही. मी मेल्यावर मला बसवायचं न्हाई, पुरायचं न्हाई. जाळायचं."

तो खुर्चीतून उठला. "अक्का! आपल्यात आजवर जाळलंय का कुणी? समाज काय म्हणंल? जंगम मठात पाऊल ठेवू द्यायचे न्हाईत मला. आई-बाप, दाजी, सगळे मातीत बसलेत."

"त्यांना बसू दे. मी बसत न्हाई."

"उगं काही बी बोलू नको. ती काय सांगती, तू काय ऐकती…"

"लिही म्हणते ना!"

नर्स दारात येऊन गेली. वैजिनाथनं लिहिलं. त्याचं अक्षर दुकानातल्या यादीसारखं, एकाखाली एक. मी सही केली. साक्षीदार म्हणून त्यानं सही करायला पेन टेकवलं आणि त्याचा हात थांबला तो थांबलाच. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडायला नको म्हणून त्यानं तोंड फिरवलं. तेव्हा ताराबाईनं त्याच्या खिशातलं दुसरं पेन काढलं, शाई अंगठ्याला फासली आणि कागदावर दाबली.

"मला लिवता येत न्हाई," ती म्हणाली. "पर मी असंन तवर कुणी बसवत न्हाई ह्यांला."

वैजिनाथनं तिच्या अंगठ्याचा ठसा बघितला. मग शेजारी सही केली, घडी घालून कागद खिशात ठेवला आणि खाली मान घालून विचारलं, "लाकडं कसली आणायची, ते तरी सांग. मला त्यातलं काय कळतंय?"

"कडुलिंबाची," मी म्हणाले. "वाळवी त्याला तोंड लावत न्हाई."